'वाचणे' : एक क्रियापद आणि त्याचे अरबी सोबती

'मुलाचे कुरआन झाले', असे आपल्या घरांत मोठ्या आनंदाने सांगितले जाते. नाझरा पूर्ण होतो, मिठाई वाटली जाते, आणि आनंद मानण्यासारखीच ती गोष्ट आहे. मात्र त्या वाक्यातील 'झाले' म्हणजे नेमके काय झाले, हे एकदा शब्दांच्या अंगाने पाहावे असे वाटते. मराठीत वाचणे, पढणे, म्हणणे, पठण करणे ही क्रियापदे आपण सहज एकमेकांच्या जागी वापरतो. कुरआनातही या अर्थाची अनेक क्रियापदे आहेत, परंतु प्रत्येकाची वाट थोडी निराळी आहे.

पहिले क्रियापद 'करअ'. 'इक्रा' ही आज्ञा त्याचीच आणि 'कुरआन' हा शब्दही त्याचाच. रागिब इस्फहानी यांनी 'मुफ्रदात' या कोशात त्याचा अर्थ असा उलगडला आहे की, अक्षरे आणि शब्द एकमेकांना जोडत उच्चारणे म्हणजे किराअत. जोडणे, एकत्र करणे हा भाव त्यात आहे. सूरह कियामाच्या सतराव्या आयतीत 'जमा करणे' आणि 'पढविणे' हे दोन शब्द शेजारी-शेजारी आले आहेत, ते या दृष्टीने पाहावेत. हे क्रियापद व्यापक आहे. कयामतच्या दिवशी माणसाच्या हाती त्याच्या कर्मांची नोंद दिली जाईल, ती वाचण्याची आज्ञाही 'इक्रा' याच शब्दात आहे (बनी इस्राईल, आयत 14).

दुसरे क्रियापद 'तला'. आपला 'तिलावत' हा शब्द त्यापासून आला. येथे थोडे थांबले पाहिजे, कारण याचा मूळ अर्थ वाचणे नव्हेच. मूळ अर्थ आहे मागोमाग जाणे, मध्ये दुसरे कोणी न येता पाठोपाठ चालणे. सूरह शम्सच्या दुसऱ्या आयतीत चंद्र सूर्याच्या मागून येतो, तेथे हेच क्रियापद आहे, आणि तेथे वाचनाचा काही संबंध नाही. रागिब म्हणतात की प्रत्येक तिलावत ही किराअत असते, परंतु प्रत्येक किराअत तिलावत नसते. कोणाची चिठ्ठी वाचली तर 'तिलावत केली' असे अरबीत म्हणत नाहीत, कारण चिठ्ठीच्या मागे चालण्याचे बंधन आपल्यावर नसते. (सूरह बकराच्या 102 व्या आयतीत हे क्रियापद सैतानांच्या पढण्यासाठीही आले आहे, हे अभ्यासकाने विसरू नये. मात्र तेथेही लोक त्या पढण्याच्या मागे गेले, हेच सांगितले आहे.)

त्याच सूरहच्या 121 व्या आयतीत ग्रंथाची 'तिलावत जशी करावी तशी' करणाऱ्यांचा उल्लेख आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न मसऊद (रजि.) यांनी त्याचे स्पष्टीकरण करताना सुरेल आवाजाची गोष्ट काढली नाही. ग्रंथाने जे हलाल केले ते हलाल मानावे, हराम केले ते हराम मानावे आणि शब्द त्यांच्या जागेवरून हलवू नयेत, असा त्यांच्या सांगण्याचा आशय आहे.

आता आपल्या गावांकडे पाहू. रमजानमध्ये चौथा पारा पढताना सूरह निसाची अकरावी आयत येते. वारशात मुलीचा हिस्सा किती, हे तीत अल्लाहने स्वतः ठरवून दिले आहे. भाऊ ती आयत दरवर्षी पढतो, मखरज शुद्ध, मद्द पूर्ण. आणि वडिलांच्या पश्चात सातबाऱ्यावर नावे चढवताना तोच भाऊ बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवतो. 'माहेर तुटेल' या भीतीने ती सही करते. बहिणीने हिस्सा हाती आल्यावर खुशीने काही दिले तर तो तिचा अधिकार. पण मिळण्याआधीच संकोचाने सोडायला लावलेला हक्क ही खुशी कशी म्हणावी? भावाने त्या आयतीची किराअत केली, हे निःसंशय. तिलावत केली काय, हा प्रश्न उरतो.

येथेच तिसरे क्रियापद भेटते : 'दरस'. 'दर्स' आणि 'मदरसा' हे आपले परिचित शब्द त्याचेच. वापरून वापरून झिजणे, आणि खळ्यावरील धान्याची मळणी करणे, हेही त्याचे अर्थ अरबीत आहेत. मळणीत जनावर त्याच जागी पुन्हा पुन्हा फिरते तेव्हा दाणा मोकळा होतो, अभ्यासाचेही तसेच. सूरह आराफच्या 169 व्या आयतीत मात्र हा शब्द अशा लोकांविषयी आला आहे, जे ग्रंथाचे वारस झाले, ज्यांनी त्यातील मजकुराचा दर्स घेतला, आणि तरीही 'आपल्याला माफ होईल' म्हणत या जगाचा क्षुद्र माल उचलत राहिले. मराठीतील 'पढतमूर्ख' हा शब्द अशा वेळी आठवतो.

'तरतील'विषयी थोडक्यात : दात सुबक, एकसारखे अंतर राखून असले की अरब त्यांना 'रतिल' म्हणत. सूरह मुज्जम्मिलमधील आज्ञा तशाच सावकाश, मोकळ्या उच्चाराची आहे. तीन दिवसांहून कमी वेळात संपूर्ण कुरआन पढणाऱ्याला ते समजले नाही, असे प्रेषितांनी (स.) सांगितल्याचे तिर्मिजी व अबू दाऊद यांच्या संग्रहांत आहे. हजरत अब्दुल्लाह इब्न उमर (रजि.) यांनी एकट्या सूरह बकरावर आठ वर्षे घालवली, अशी नोंद 'मुवत्ता'मध्ये आहे. 286 आयती, आठ वर्षे.

याचा अर्थ अर्थ न कळता पढणे व्यर्थ, असा कोणी काढू नये. अडखळत, कष्टाने पढणाऱ्याला दुहेरी पुण्य आहे, ही हदीस बुखारी व मुस्लिम दोन्हींत आहे. आपल्या वृद्ध आजीचे बोट ओळीवरून हळूहळू सरकते, ते याच आशेने.

मग 'तिलावत'ला मराठीत काय म्हणावे? 'पठण' हा रूढ शब्द आहे, पण त्यात मागे चालणे येत नाही; 'अनुसरण' म्हणावे तर ओठ येत नाहीत. मी वर्गात मूळ शब्दच ठेवतो आणि मुलांना सूरह शम्समधील तो चंद्र दाखवतो.