न्हाणीचे पाणी मुरले पाहिजे

सकाळची वेळ आहे. घरात सहा माणसे आहेत. एकामागून एक सगळ्यांच्या आंघोळी होतात. मागून धुणे होते, भांडी होतात. पाणी मोरीतून बाहेर जाते. आपण अंग पुसतो आणि कामाला लागतो. पाणी गेलं कुठं, हे कोणी पाहत नाही.

आज आपण ते पाहू. आधी थोडा हिशेब करू.

एका माणसाच्या आंघोळीला एक मोठी बादली, म्हणजे सुमारे २० लिटर पाणी लागते. सहा माणसांचे झाले १२० लिटर. धुण्याभांड्यांचे ८० लिटर धरू. एका दिवसाचे झाले २०० लिटर. महिन्याचे झाले ६,००० लिटर. एका घरातून एवढे पाणी बाहेर पडते. मग साऱ्या आळीतून किती पडत असेल?

हे पाणी दारापुढे साचले की चिखल होतो. शेजाऱ्याच्या भिंतीशी गेले की भांडण होते. घाण पाण्यात डास अंडी घालतात. हत्तीपायाचा रोग पसरवणारा डास अशाच पाण्यात वाढतो. उन्हाळ्यापावसाळ्यात आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होऊन उडू लागतो. उरलेले पाणी ओहोळाने नदीला मिळते. आपल्या नाशिकची नदी गोदावरी. तिला आपण गंगा म्हणतो. ती त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि सुमारे १,४६५ किलोमीटर वाहत पूर्वेच्या समुद्राला मिळते. रामकुंडात आपण हात जोडून बुडी मारतो. त्याच नदीला आपल्या मोरीचे पाणी सोडावे का?

यावर सोपा उपाय आहे. त्याचे नाव शोषखड्डा.

खड्डा कसा करतात?

एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असा खड्डा खणतात. तळाशी मोठे दगड टाकतात. त्यावर मध्यम दगड. त्यावर लहान दगड. वरच्या दगडांत मधोमध एक मडके बसवतात. मडक्याच्या बुडाला भोके पाडलेली असतात. मडक्यात नारळाचा काथ्या घालतात. मोरीचा नळ थेट मडक्यात सोडतात. दगडांवर गोणपाट अंथरून वरून माती दाबतात. मडक्याचे तोंड मात्र मातीने बुजवत नाहीत. त्यावर घट्ट झाकण ठेवतात.

पाणी मडक्यात पडते. केस आणि गाळ काथ्यात अडकतात. गाळलेले पाणी भोकांतून दगडांत उतरते आणि जमिनीत मुरते. पाणी झाकलेले असते, म्हणून डासांना ते सापडत नाही.

विहीर जवळ असेल तर खड्डा तिच्यापासून निदान ५० फूट दूर असावा. संडासाचे पाणी या खड्ड्यात कधीही सोडू नये.

आमची चूक

आता आमचीच एक गोष्ट सांगतो.

नाशिकजवळच्या एका गावात आम्ही लोकांबरोबर असे खड्डे खणले. गावकऱ्यांनी दगड आणले. आम्ही मडकी आणली. नारळ फोडला, खोबरे वाटले आणि आम्ही परत आलो. काम फत्ते झाले असे आम्हाला वाटले.

दुसऱ्या पावसाळ्यात गावातून निरोप आला, “तुमचे खड्डे तुंबले.”

आम्ही गेलो. पाहतो तो मोऱ्यांतून पाणी उलटे येत होते. दोन भावांच्या घरांमधल्या बोळात हिरवे शेवाळ माजले होते. त्यावरून एक आजी घसरल्या होत्या आणि त्यांचा हात मोडला होता. दोन जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या. जी ती म्हणे, पाणी तिच्याकडचं.

आजी हात गळ्यात बांधून ओट्यावर बसल्या होत्या. आम्हाला म्हणाल्या, “बाबांनो, खड्डा तुम्ही खणून दिला. पण तो राखायचा कसा, ते कुठं सांगितलं?”

आम्हाला उत्तर देता आले नाही.

आम्ही एक खड्डा उघडला. खालचे दगड पाहिले. ते स्वच्छ होते. खालची जमीनही पाणी पीत होती. मग बिघडले काय? बिघडले होते ते मडके. त्यात केसांचा गोळा होता. शाम्पूच्या रिकाम्या पुड्या होत्या. एक दाढीचे पाते होते. आणि या सगळ्यावर साबणाचा करडा, चिकट साका बसला होता. बुडाची भोके पार बंद झाली होती. पाणी खाली जाणार कसे?

दुसरा उघडला, तिसरा उघडला. तीच गत. एकाच घरचा खड्डा चांगला चालला होता. आम्ही त्या घरच्या थोरल्या सुनेला विचारले, “तुम्ही काय करता?”

ती म्हणाली, “काही नाही. बुधवारी बाजाराला नाशिकला जायच्या आधी मडक्यातला काथ्या काढते, झटकते, धुते आणि परत घालते. चुलीवर चहा होईस्तोवर होतं.”

चहा होईस्तोवर! एवढ्या वेळाचे काम. ते झाले तिथे खड्डा चालला. ते राहिले तिथे हात मोडला. आम्ही सगळ्यांना दगड कसे रचायचे ते शिकवले होते. पण बुधवारचे हे काम कोणाला सांगितलेच नव्हते. चूक गावकऱ्यांची नव्हती. चूक आमची होती.

खड्डा का तुंबतो?

खड्डा म्हणजे टाकी नव्हे. एक मीटरच्या खड्ड्यात एक हजार लिटर पाणी मावेल असे वाटते. पण त्यात दगड भरलेले असतात. दगडांमधल्या फटीत फार तर ४०० लिटर मावते. म्हणजे दोनच दिवसांचे पाणी. तिसऱ्या दिवशी काय? म्हणून पाणी रोजच्या रोज मुरलेच पाहिजे. वाट मोकळी तर खड्डा चालू.

वाट कोण अडवतो? पहिला केस. केस कुजायला फार काळ लागतो. एका केसात दुसरा अडकतो आणि जाळे होते. दुसरा साबण. विहिरीचे किंवा बोअरचे पाणी जड असले की साबणाला फेस कमी येतो आणि त्याचा साका होतो. हा साका केसांच्या जाळ्यावर लिंपल्यासारखा बसतो. तिसरे तेल. खरकट्या ताटाचे तेल थंड झाले की घट्ट होते. चौथी माती आणि भांडी घासायची राख.

एक कारण मात्र साफसफाईने जात नाही. ते म्हणजे जमीन. मुरमाड जमीन पाणी लवकर पिते. काळी जमीन ओली झाली की फुगते आणि पाणी धरून ठेवते. त्याच गावात एक खड्डा आम्ही काळ्या मातीत खणला होता. मडके धुऊनही तो चालला नाही. जागा बदलावी लागली. म्हणून दगड टाकण्याआधी जमीन पाहावी. खड्ड्यात पाणी भरावे. ते मुरले की दुसऱ्यांदा भरावे. सकाळी खड्डा रिकामा दिसला तर जागा चांगली. पाणी तसेच दिसले तर काळ्या थराखाली मुरूम लागतो का ते पाहावे, नाहीतर दुसरी जागा शोधावी.

खड्डा कसा राखावा?

मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवा. आंघोळ झाली की जाळीवरचे केस उचला आणि कचऱ्यात टाका. हे रोजचे काम.

आठवड्यातून एक वार ठरवा. त्या दिवशी मडक्याचे झाकण काढा. काथ्या काठीने बाहेर घ्या, हाताने चाचपू नका. आत पाते किंवा काच असू शकते. काथ्या झटका, धुवा, परत घाला. निघालेला गाळ विहिरीपासून दूर, लहान खळगा करून पुरा. मग हात साबणाने धुवा. काथ्या कुजला की नवा घाला.

महिन्यातून एकदा परीक्षा घ्या. भरलेली बादली मोरीत ओता आणि आकडे मोजा. पाणी कितव्या आकड्याला गेले ते भिंतीवर खडूने लिहा. पुढच्या महिन्यात आकडा वाढला तर वाट अडू लागली असे समजा. तुंबायच्या आधीच कळेल.

वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, वरची माती आणि गोणपाट काढा. वरचे लहान दगड धुवा, उन्हात वाळवा, परत रचा. गोणपाट नवे घाला. भोवती मातीचा वरंबा करा, म्हणजे अंगणातले पावसाचे पाणी खड्ड्यात शिरणार नाही.

तुंबलेल्या खड्ड्यात ॲसिड किंवा फिनेल ओतू नका. दगडांवर डोळ्यांना न दिसणारे जंतू असतात. ते घाण खाऊन पाणी सुधारतात. औषधाने तेच मरतात आणि केसांचा गोळा तसाच राहतो.

नावेतही तेच

समुद्रावर फिरणाऱ्या लहान नावांतही न्हाणी असते. तिथे मुरायला जमीन कुठली? आंघोळीचे पाणी खालच्या एका पेटीत जमते आणि लहानसा पंप ते बाहेर फेकतो. तिथेही केस आणि साबण पंपाची जाळी अडवतात. मग पाणी नावेतच साचते. म्हणून जाणता खलाशी वेळच्या वेळी पेटी उघडून जाळी धुतो. घर जमिनीवर असो की पाण्यावर, काम एकच.

आपल्या नांदेड जिल्ह्यात हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तिथे घरोघरी शोषखड्डे झाले, उघडी गटारे गेली आणि डास हटले म्हणून गावाचे नाव झाले. एका घराने खड्डा केला तर एका दाराचा चिखल जातो. साऱ्या गावाने केला तर डासांना जागा उरत नाही.

गाडगेबाबा १९५६ साली गेले. गावात आले की ते आधी हातात खराटा घेत आणि मग कीर्तनाला उभे राहत. त्यांच्या नावाने महाराष्ट्रात २००० साली ग्रामस्वच्छतेचे अभियान सुरू झाले. पण बाबा एकदाच झाडून थांबले नाहीत. रोज झाडत राहिले. खड्डा खणणे हे एका दिवसाचे काम आहे. तो राखणे हे दर आठवड्याचे.

त्या गावात आम्ही पुन्हा गेलो. या वेळी मडकी नेली नाहीत. घरोघर बसून थोरल्या सुनेने काथ्या कसा धुवायचा ते दाखवले. आम्ही बाजूला उभे राहून पाहिले. बोळ कोरडा झाला. आजींचा हात सांधला. दोन्ही जावा आता बुधवारी बरोबर बाजाराला जातात.

सांगा पाहू

१. तुमच्या घरातून एका दिवसात किती पाणी मोरीत जाते? हिशेब लिहा.

२. खालचे दगड चांगले असूनही खड्डे का तुंबले?

३. काळ्या जमिनीत खड्डा करण्याआधी काय पाहावे?

४. तुमच्या घरी मडके धुण्याचा वार कोणता ठरवाल? तो वार मोठ्या अक्षरांत लिहा आणि न्हाणीच्या दारावर लावा.