बाहेर उभे असलेले आप्त

पाठ : मार्क ३:२०-३५, ७:९-१३, १०:२८-३०

शब्बाथशाळेत हा पाठ आला की एखादे मूल हमखास विचारते, “प्रभू आपल्या आईला भेटायला बाहेर का गेला नाही?” शिक्षकांनी हा प्रश्न टाळू नये.

१. ते कशासाठी आले होते? मार्काने ही हकिगत दोन भागांत सांगितली आहे. येशूचे भान सुटले आहे असे समजून आप्त त्याला धरून न्यायला निघतात (३:२१). मध्ये शास्त्र्यांचा बालजबूलाविषयीचा आरोप येतो. मग आई व भाऊ येऊन बाहेर उभे राहतात (३:३१). म्हणजे ही साधी भेट नव्हे. त्याचे कार्य थांबवण्याचा हा प्रयत्न आहे. प्रभू त्यांना हाकलून देत नाही. देवाच्या इच्छेप्रमाणे करणारा तोच आपला भाऊ, बहीण व आई, असे सांगून तो दार रुंद करतो. पुढे त्याच दाराने आई व भाऊही आत आले (प्रे. कृत्ये १:१४), आणि याकोब यरुशलेमेतील मंडळीचा आधारस्तंभ झाला (गलती. २:९).

२. सोडणे म्हणजे टाकून देणे नव्हे. याकोब व योहान बापाला सोडून गेले, पण जब्दीजवळ मजूर होते, हे एकटा मार्कच नमूद करतो (१:२०). शिमोनाने जाळी सोडली, तरी प्रभू त्याच्याच घरी जाऊन त्याच्या सासूला बरे करतो (१:२९-३१). पुढील काळी पेत्राची पत्नी त्याच्याबरोबर प्रवासात असे (१ करिंथ. ९:५). ‘कुर्बान’ म्हणून देवाच्या नावाखाली आईबापांची मदत बंद करणाऱ्यांना तर प्रभू कडक शब्दांत दोष देतो. लूक १४:२६ मध्ये ‘द्वेष’ हा शब्द आहे. त्याचा अर्थ मत्तय १०:३७ वरून उलगडतो. प्रश्न अधिक प्रीती कोणावर, हा आहे.

३. मिळणारे घर. मार्क १०:२९ मध्ये सोडण्याच्या यादीत बाप आहे. पुढच्या वचनात मिळण्याच्या यादीत घरे, भाऊ, बहिणी, आया, मुले व शेते आहेत, पण बाप नाही. नव्या कुटुंबाचा पिता एकच, तो स्वर्गात आहे (मत्तय २३:९). तेथे कोणी कोणावर धनीपणा करावयाचा नाही. यादीत छळही आहे, हे विसरू नये.

प्रियांनो, हे अभिवचन आकाशातून पडणाऱ्या घरांविषयी नाही. विश्वासामुळे ज्याला घरचे दार बंद झाले, त्याला आई कोठे मिळणार? आपल्याच मंडळीत. रविवारी हस्तांदोलन करून आपण त्याला एकट्याच्या खोलीवर परत पाठवतो, तेव्हा प्रभूचा शब्द आपल्यापुरता अपुरा राहतो.

वर्गासाठी प्रश्न :
(१) ‘कुर्बान’सारखी सबब आज आपण कोणती सांगतो?
(२) आपल्या मंडळीत एकटे कोण आहे? या आठवड्यात त्यांच्याबरोबर कोण जेवेल?