'बंद केले असणार' आणि 'बंद केलेच पाहिजे' : इंग्रजी क्रियापदांचा एक धडा

आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी काही वर्षांपूर्वी भेटीस आला होता. आकुर्डी परिसरातील एका कारखान्यात तो देखभाल विभागात काम करतो. एकदा पाळी बदलताना आधीच्या पाळीतील कामगाराने नोंदवहीत एक ओळ लिहून ठेवली होती : 'द पंप मस्ट हॅव बीन शट डाउन.' पंप थांबलेला दिसत होता. विद्यार्थी झाकण उघडण्यास वाकला, तोच सहकाऱ्याने हटकले. पंप स्वयंचलित होता आणि त्याचा वीजपुरवठा सुरूच होता. "सर, 'मस्ट' म्हणजे सक्ती, एवढेच मला ठाऊक होते. सक्तीचे काम म्हणजे झालेले काम, असे मी धरून चाललो," तो म्हणाला. ते शब्द आम्हां शिक्षकांना लागले. 'मस्ट'चा एकच अर्थ आम्हीच पाठ करून घेतला होता. प्रस्तुत लेख म्हणजे त्या उणिवेची भरपाई होय.

अशा वाक्यात दोन घटक असतात. 'शट डाउन' हे जोडक्रियापद कोणते काम ते सांगते. 'मस्ट', 'शुड', 'कॅन', 'मे' ही सहायक क्रियापदे त्या कामामागे सक्ती आहे, सल्ला आहे, क्षमता आहे, परवानगी आहे की नुसता तर्क, हे सांगतात. दोन्ही घटक कळले तरच वाक्य कळते.

प्रथम जोडक्रियापद पाहू. 'पुट' म्हणजे ठेवणे. परंतु 'पुट ऑन' म्हणजे अंगावर चढवणे, 'पुट ऑफ' म्हणजे लांबणीवर टाकणे, 'पुट आउट' म्हणजे आग विझवणे आणि 'पुट अप विथ' म्हणजे सोसणे. हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही. मराठीतही 'देणे' आणि 'देऊन टाकणे' यांच्या अर्थच्छटा वेगळ्या आहेत. मराठीत हे काम दुसरे क्रियापद करते, इंग्रजीत पुढचा छोटा शब्द करतो. म्हणून जोडक्रियापद नेहमी जोडीनेच पाठ करावे.

आता दोहोंचा मेळ. क्रम ठरलेला आहे : आधी सहायक क्रियापद, मग मूळ रूपातील क्रियापद, मग छोटा शब्द. 'शी कॅन फिल इन द फॉर्म' हे बरोबर. 'शी कॅन टू फिल इन' किंवा 'शी कॅन फिल्स इन' हे चूक. आमच्या मुलांच्या वह्यांत हा जादा 'टू' वारंवार आढळतो आणि त्याचे मूळ मराठीत आहे. आपण 'भरायला पाहिजे' म्हणतो. त्या 'ला'चा 'टू' होऊन 'मस्ट टू' तयार होते. 'हॅव टू' आणि 'ऑट टू' यांत मात्र 'टू' हवाच. तसेच मराठीत 'तिने उठायला पाहिजे', 'तिला उठावे लागेल', 'ती उठू शकते' असा कर्ता रूप बदलतो. इंग्रजीत 'शी मस्ट गेट अप', 'शी विल हॅव टू गेट अप', 'शी कॅन गेट अप' असा कर्ता तोच राहतो.

सर्वनाम कोठे ठेवावे, हाही प्रश्न पडतो. 'टर्न ऑफ द फॅन' आणि 'टर्न द फॅन ऑफ' ही दोन्ही चालतात. परंतु 'द फॅन'ऐवजी 'इट' आले की ते मध्येच बसते : 'यू शुड टर्न इट ऑफ'. 'लुक आफ्टर' म्हणजे सांभाळणे ही जोडी मात्र फुटत नाही : 'वी मस्ट लुक आफ्टर देम'.

आता 'स्विच ऑफ' हे एकच काम घेऊन पायऱ्या पाहू :

'यू मस्ट स्विच इट ऑफ' : बंद केलेच पाहिजे.
'यू शुड स्विच इट ऑफ' : बंद करावे, हे बरे.
'यू मे स्विच इट ऑफ' : बंद करण्यास परवानगी आहे.
'यू मस्ट नॉट स्विच इट ऑफ' : बंद करायचे नाही.
'यू नीड नॉट स्विच इट ऑफ' : बंद करण्याची गरज नाही.
'ही हॅड टू स्विच इट ऑफ' : त्याला बंद करावे लागले.
'ही शुड हॅव स्विच्ड इट ऑफ' : त्याने बंद करायला हवे होते, पण केले नाही.
'ही मस्ट हॅव स्विच्ड इट ऑफ' : त्याने बंद केले असणार.

चौथ्या व पाचव्या ओळीत गल्लत झाली तर मनाई आणि मोकळीक यांची अदलाबदल होते. शेवटच्या ओळीत तर 'मस्ट' असूनही सक्ती नाही; तो निव्वळ अंदाज आहे. मराठीत या दोन अर्थांना 'पाहिजे' आणि 'असणार' असे दोन वेगळे शब्द आहेत, इंग्रजीत एकच. आमचा विद्यार्थी फसला तो येथेच. अंदाज वाचला की स्वतः जाऊन खात्री करावी.

पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना १९५४ साली झाली. पुढे आकुर्डी, चिंचवड, भोसरीपासून चाकणपर्यंत कारखाने पसरले. तेथे हुद्दा कोणताही असो, इंग्रजी सूचनेशी गाठ पडतेच. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. तरी या छोट्या शब्दांकडे दुर्लक्ष होते.

त्यांचे वजन केवळ यंत्रापुरते नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर ज्या मसुदा समितीचे अध्यक्ष होते, तिने घडवलेल्या संविधानाच्या इंग्रजी पाठात 'शॅल' कर्तव्य सांगते आणि 'मे' अधिकार देते. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने आलेल्या कलम २१-क मध्ये हे दोन्ही शब्द आहेत. सहा ते चौदा वर्षांच्या बालकांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याबाबत 'शॅल' आहे. त्याची रीत कायद्याने ठरवण्याबाबत 'मे' आहे. रीत ठरवण्याची मुभा राज्याला आहे, शिक्षण नाकारण्याची नाही. हा भेद ज्याला वाचता येतो, त्याला आपला हक्क मागता येतो.

पालकांना एक विनंती. आज रात्री मुलांना तीन वाक्ये इंग्रजीत करायला सांगावीत : 'दिवे बंद केलेच पाहिजेत', 'दिवे बंद करायची गरज नाही', 'ताईने दिवे बंद केले असणार'. तिसरे वाक्य झाल्यावर मुलाला विचारावे, "मग दिवे खरोखर बंद आहेत का?" तो उठून पाहायला गेला, तर धडा समजला असे मानावे.