रोपाच्या पानात झाडाचा गुण वाचता येतो का?



पडीक तुकड्यावर किंवा बांधावर निलगिरी लावावी का, हा प्रश्न गटाच्या बैठकीत अधूनमधून येतोच. ज्या गटांची रोपवाटिका आहे त्यांना तर लोक सरळ विचारतात, "ताई, क्लोनचं रोप आहे का?" तीन मीटर बाय दोन मीटर अंतर धरलं तर एका एकरात साधारण ६७५ रोपं बसतात आणि ती जमीन चार-पाच वर्षं अडकते. ज्वारी फसली तर पुढच्या हंगामात दुसरं काही पेरता येतं. झाड फसलंय हे कळेपर्यंत कर्जाचे निम्मे हप्ते फेडून झालेले असतात. म्हणून या पाठात बघू या, निलगिरीचं चांगलं रोप तयार कसं होतं, आणि "डीएनए तपासून निवडलेलं" असं जे आजकाल ऐकू येतं त्याचा अर्थ काय.

संकर म्हणजे काय, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. जालना, देऊळगाव राजा भागातल्या ज्या ताई बीजोत्पादनाच्या शेडनेटमध्ये मिरची-टोमॅटोचं क्रॉसिंग करतात, त्यांना तर फुलातले नर चिमट्याने कसे काढायचे हे तोंडपाठ असतं. निलगिरीत काम तेच, फक्त फूल वेगळं. निलगिरी ही जांभूळ आणि पेरूच्या कुळातली. तिच्या कळीवर एक बारीक टोपी असते. टोपी गळाली की आतून केसरांचा झुपका बाहेर येतो. संकर करणारी माणसं ही टोपी आधीच काढतात, केसर खुडतात, फुलाला पिशवी बांधतात आणि योग्य वेळी दुसऱ्या जातीचे परागकण लावतात. हे सगळं उंच झाडावर, शिडी लावून.

एवढा खटाटोप कशासाठी, याचं उत्तर ब्राझीलमध्ये सापडतं. तिथे एस्पिरितो सांतो राज्यात आराक्रूझ नावाच्या कंपनीने कागदाच्या लगद्यासाठी बियांपासून मोठी लागवड केली होती. झाडं एकसारखी वाढेनात, आणि खोडाची साल फुटून झाड वाळवणारा एक बुरशीचा रोग पसरला. सगळं मरत असताना काही झाडं मात्र ठणठणीत उभी होती. त्यात संकराची झाडं होती. ऑस्ट्रेलियाच्या पूर्व भागातली ग्रँडिस ही सरळ, झपाट्याने वाढणारी जात. तिमोर आणि शेजारच्या इंडोनेशियन बेटांवरची युरोफिला ही रोगाला जास्त टिकणारी. दोघींचा संकर म्हणजे युरोग्रँडिस. आज ब्राझीलच्या लागवडीत तिचाच बोलबाला आहे.

पण एक मेख आहे. एकाच आईबापाची चार लेकरं सारखी असतात का? संकराच्या बियांचंही तसंच. हजार रोपांत काही उत्तम, बरीच मध्यम आणि काही अगदीच खुरटी निघतात. उत्तम झाडाचं बी धरून पेरलं तरी गुण पुन्हा फुटतात. हायब्रीड बाजरीचं घरचं बी पुढच्या वर्षी लावल्यावर काय होतं, ते आपण पाहिलेलंच आहे. म्हणून आराक्रूझच्या लोकांनी बी सोडून दिलं आणि निवडलेल्या झाडाच्या कोवळ्या फुटव्याच्या काड्या लावल्या. काडीपासून झालेलं रोप हुबेहूब आईझाडासारखं असतं, त्यालाच क्लोन म्हणायचं. या कामासाठी १९८४ साली चौघांना स्वीडनचा मार्कस वॉलेनबर्ग पुरस्कार मिळाला. त्यात यारा इकेमोरी या संशोधक बाई होत्या.

आपल्याकडे हेच काम १९८९ पासून भद्राचलमला सुरू झालं, कागद कारखान्यासाठी. तिथले ३, ७, ४१३ असे नंबरांचे क्लोन पुढे दूरदूरच्या राज्यांत गेले. ते निवडले गेले डोळ्यांनी आणि टेपने: शेतातलं उठून दिसणारं झाड हेरा, त्याची उंची आणि घेर मोजा, काड्या लावा, मग त्या रोपांची पुन्हा चाचणी घ्या. पद्धत चांगली आहे, पण वेळखाऊ. ब्राझीलसारख्या उबदार देशात, जिथे झाड सहा-सात वर्षांत तोडायला येतं, तिथेही संकर केल्यापासून खात्रीचा क्लोन हाती येईपर्यंत बारा ते अठरा वर्षं जात. संकर करणाऱ्या माणसाच्या नोकरीभरात असे दोनच फेरे व्हायचे.

खुणेचं काम इथे सुरू होतं.

आपल्या शरीरात गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात, निलगिरीत ११. गुणसूत्रात डीएनए असतो, आणि डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली खूप लांब पोथी. दोन झाडांच्या पोथ्या बहुतेक सारख्या असतात, पण मधूनमधून एखादं अक्षर वेगळं असतं. ज्या जागी असा फरक सापडतो आणि तो तपासता येतो, ती जागा म्हणजे खूण, म्हणजेच मार्कर.

खूण म्हणजे गुण नव्हे, हे नीट समजून घ्या. परगावच्या पाहुण्याला आपण सांगतो, "कडुनिंबाशेजारचं घर." निंब म्हणजे घर नाही, पण निंब दिसला की घर सापडतं. तसंच रोगाला टिकण्याचं जनुक प्रत्यक्ष माहीत नसलं तरी त्याच्या शेजारची खूण माहीत असली की काम भागतं, कारण शेजारी शेजारी असलेल्या गोष्टी पिढीत सहसा जोडीनेच उतरतात. आता दुसऱ्या गावात जा. तिथल्या निंबाशेजारी कदाचित शाळा असेल. म्हणजे एका घराण्यात खरी ठरलेली खूण दुसऱ्या घराण्यात चुकीचा पत्ता देऊ शकते. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

१९९४ साली ब्राझीलचे दारिओ ग्रातापालिया आणि अमेरिकेचे रोनाल्ड सेडेरॉफ यांनी ग्रँडिस आणि युरोफिलाच्या संकरित पोरांवरून दोन्ही जातींच्या खुणांचे नकाशे काढले. त्याचा उपयोग कसा होतो हे तांबेऱ्यावरून कळतं. गव्हावरचा तांबेरा आपल्याला माहीत आहे. ब्राझीलमध्ये निलगिरीच्या कोवळ्या पानांवरही एक तांबेरा येतो, पिवळीधमक पूड सांडल्यासारखा. पेरूलाही तो धरतो. २००३ साली ग्रँडिसमध्ये या तांबेऱ्याला अडवणारी एक मोठी जागा सापडली आणि तिच्या अगदी लगतची खूणही. एकच जागा बहुतांश काम करत असेल तर निवड सोपी जाते. रोप वीतभर असताना पानाचा तुकडा घ्यायचा, खूण आहे का बघायची, नसेल तर रोप बाजूला.

सगळे गुण मात्र इतके सरळ नाहीत. झाड किती वाढेल, लाकूड किती भरीव निघेल, काडीला मूळ फुटेल की नाही, यामागे एक-दोन नव्हे, शेकडो जागांचा थोडाथोडा हात असतो. सुरुवातीला लोक एकेक खूण धरून वाढीचा गुण शोधत बसले आणि निराश झाले. मग विचार बदलला. तो समजायला आपल्या गटाची श्रेणी कशी ठरते ते आठवा. नुसती बचत नियमित आहे म्हणून गटाला वरची श्रेणी मिळत नाही. बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड, हिशेब, अशा दशसूत्रीतल्या प्रत्येक गोष्टीचे थोडे थोडे गुण धरतात आणि बेरीज करतात. निलगिरीतही आता हजारो खुणा एकदम वाचतात आणि प्रत्येकीला थोडे गुण देऊन बेरीज करतात.

पण कोणत्या खुणेला किती गुण द्यायचे, हे ठरवतं कोण? झाडंच ठरवतात. आधी शेकडो झाडं शेतात लावून, वाढवून, त्यांची उंची, घेर आणि लाकूड मोजावं लागतं. त्याच झाडांच्या खुणाही वाचतात. संगणक दोन्ही ताडून पाहतो आणि खुणांचं वजन ठरवतो. त्यानंतर नव्या संकराच्या रोपांचं नुसतं पान तपासून अंदाज बांधता येतो, आणि चाचणीचा एक मोठा टप्पा वाचतो. २०१४ साली ग्रँडिसची पूर्ण पोथी छापून आली, तीत ३६ हजारांवर जनुकं निघाली. पुढच्याच वर्षी निलगिरीच्या साठ हजार खुणा एकदम तपासणारी चकतीही तयार झाली, त्यामुळे हे काम सोपं झालं.

आता निंबाचा मुद्दा. २०१२ साली ब्राझीलमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांच्या झाडांवर ही पद्धत पारखली. ज्या घोळक्यातली झाडं मोजली होती, त्याच घोळक्यातल्या झाडांचा अंदाज चांगला आला. एका घोळक्याची वजनं दुसऱ्याला लावली तर अंदाज पार घसरला. मला वाटतं, आपल्यासाठी या सगळ्या शास्त्रातला हाच सर्वांत कामाचा धडा आहे. ब्राझीलच्या मातीत, ब्राझीलच्या पावसात मोजलेल्या झाडांवरून काढलेले गुण आपल्या मुरमाड रानाला लागू होतील असं कुणी सांगत असेल, तर ते विकायला आलेत असं समजा.

भारतातल्या लागवडीच्या मुख्य जातीही वेगळ्या आहेत, टेरेटीकॉर्निस आणि कॅमॅल्डुलेन्सिस. त्यांचे नकाशे काढण्याचं काम कोइमतूरच्या वन आनुवंशिकी व वृक्ष प्रजनन संस्थेत झालंय, काडीला मूळ फुटण्याच्या गुणासकट. तो गुण रोपवाटिकेच्या दृष्टीने सोन्यासारखा. आईझाड कितीही चांगलं असो, शंभर काड्यांतल्या वीसच रुजल्या तर काड्या खुडणारीची मजुरीही निघत नाही.

काही ताई विचारतील, हे बीटी कापसासारखं आहे का? नाही. खुणा फक्त वाचायच्या असतात, झाडात बाहेरचं काही घालायचं नसतं. संकर फुलातूनच होतो. जनुक बदललेली निलगिरी ही वेगळी गोष्ट आहे. तिला ब्राझीलने एप्रिल २०१५ मध्ये परवानगी दिली. त्याच्या महिनाभर आधी, ५ मार्चला, भूमिहीनांच्या चळवळीतल्या सुमारे हजार बायकांनी ते संशोधन करणाऱ्या कंपनीच्या इतापेतिनिंगा इथल्या आवारात शिरून रोपं उपटून टाकली होती. त्यांचा राग जनुकापुरता नव्हता. निलगिरी जमीन आणि पाणी खाते, अन्नाला जागा उरत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं.

पाण्याचं हे भांडण आपल्या शेजारीही आहे. भूजल घटतंय म्हणून २०१७ साली कर्नाटक सरकारने नव्या निलगिरी लागवडीवर बंदी घातली. उत्तम खुणांचं, झपाट्याने वाढणारं झाड पाणीही झपाट्याने ओढतं. जिथे उन्हाळ्यात टँकर येतो, तिथे विहिरीशेजारी ते लावू नये, मग क्लोन कोणताही असो.

दुसरी काळजी किडीची. २००१ च्या सुमारास कर्नाटकातल्या मंड्या भागात एक अगदी बारीक, गाठी करणारी माशी दिसली. ती कोवळ्या पानांच्या शिरांत आणि देठांत अंडी घालते, तिथे गाठी येतात आणि रोपाची वाढ खुंटते. काही क्लोन गाठींनी वाकले, काहींना फारसं काही झालं नाही. एकाच क्लोनचं सगळं शेत असेल आणि नेमका तोच बळी पडणारा निघाला तर? क्लोन म्हणजे एकाच झाडाच्या ६७५ प्रती. किडीला एक कुलूप उघडता आलं की सगळी दारं उघडी.

तेव्हा रोपं घ्यायला जाल तेव्हा "डीएनएचं आहे" या शब्दावर भुलू नका. क्लोनचा नंबर विचारा आणि तो बिलावर लिहून घ्या. वाहतुकीत, ट्रेमध्ये नंबर अदलाबदल होतात. खऱ्या-खोट्याचा वाद झालाच तर खुणा तपासून रोप त्याच क्लोनचं आहे की नाही हे प्रयोगशाळा सांगू शकते, पण बिलावर नंबरच नसेल तर ती ताडून पाहणार कशाशी? हा क्लोन कुठे, किती पावसाच्या भागात, कोणत्या मातीत, किती वर्षं मोजला, हेही विचारा. उत्तर "सगळीकडे चालतो" असं आलं तर दुसरी रोपवाटिका बघा. एकरात किमान तीन-चार वेगळे क्लोन घ्या आणि कोणत्या ओळीत कोणता, ते गटाच्या वहीत काढून ठेवा. दरवर्षी पाऊस संपल्यावर प्रत्येक क्लोनच्या दहा झाडांचा छातीच्या उंचीवरचा घेर टेपने मोजा आणि त्याच पानावर लिहा. शेजारच्या गावातल्या गटाला पुढे रोपं घ्यायची असतील, तर त्यांना दाखवायला ते पान सगळ्यात आधी लागेल.