ब्रेकचे कानमंत्र: घाटासाठी आणि ट्रॅकसाठी

बाळा, कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर पहिल्यांदा गाडी पळवणार आहेस, म्हणून सांगतो. ब्रेकचा सगळा खेळ उष्णतेचा. ताशी १२० वरून थांबताना ताशी ६० च्या चौपट उष्णता तयार होते. ती सोसणं आणि बाहेर टाकणं, एवढ्यासाठीच पुढची सगळी काळजी.

ऑइल आधी. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ४ प्रतीचं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही. ओल मुरली की तोच आकडा १५५ पर्यंत उतरू शकतो. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल तळाला जातं. दोन वर्षांनी बदलायचंच, ट्रॅकआधी तर नक्कीच, तेही सीलबंद डब्यातलं. डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते यात मिसळू नकोस.

ऑइल बदलून नळ्यांतली हवा काढताना ऑइलची टाकी रिकामी होऊ द्यायची नाही. निप्पल बंद केल्याशिवाय पेडलवरचा पाय उचलायचा नाही. ऑइल रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धू.

चाक काढलंस की नुसते पॅड बघून थांबू नकोस. पॅडचा मसाला ३ मिलिमीटरवर आला तर बदल. ट्रॅकवर जाताना त्याहून बराच जास्त हवा. आतला आणि बाहेरचा पॅड कमीजास्त झिजला असेल, तर बहुतेक कॅलिपरची पिन अडकलेली असते. ती साफ करून ब्रेकचंच सिलिकॉन ग्रीस लाव. साध्या ग्रीसने रबर फुगतं. कॅलिपर नळीवर लोंबकळत ठेवू नकोस, तारेने बांध. डिस्कची किमान जाडी तिच्यावरच कोरलेली असते, ती मोजून बघ.

पैसे लावायचे ते क्रमाने: टायर, ऑइल, पॅड. मोठी डिस्क आणि कॅलिपर सगळ्यात शेवटी. जोरात दाबल्यावर एबीएस लागतंय, म्हणजे ब्रेकला जोर आहे, कमी पडतेय ती टायरची पकड. भोकांच्या डिस्कचा मोह नको. ट्रॅकच्या उष्णतेने भोकांपाशी तडे जातात. रेसचे पॅड गार असताना नीट धरत नाहीत, म्हणून रोजच्या गाडीला ते लावू नयेत.

नवे पॅड डिस्कवर बसवावे लागतात. मोकळ्या रस्त्यावर वेग पुन्हा पुन्हा उतरवायचा, पण गाडी पूर्ण थांबवायची नाही. मग ब्रेक न लावता थोडं फिरवून गार करायची. किती वेळा, ते पॅडच्या खोक्यावरच्या सूचनेप्रमाणे.

ट्रॅकवर ब्रेक ठाम दाब आणि लवकर सोड. नुसता पाय टेकवून ठेवू नकोस. पेडल मऊ लागलं की त्याच फेरीत गाडी पिटात आण. शेवटची फेरी सावकाश मार. गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नकोस; गिअरमध्ये टाकून चाकाला अडण लाव.

ताम्हिणी घाट उतरतानाही ब्रेकवर पाय टेकवून न ठेवण्याचा हाच नियम. खालच्या गिअरमध्ये इंजिनाला गाडी धरू दे, म्हणजे खरी वेळ येईल तेव्हा ब्रेक गार असेल.

ट्रॅकवरून परत निघण्याआधी रस्त्याचे पॅड चढव, ऑइलची पातळी बघ, चाकाचे नट टॉर्क पान्याने आवळ. ट्रॅकवर चुकलास तर बाजूला मोकळी जागा असते, रस्त्यावर माणसं असतात. दमला असशील तर दुसऱ्या दिवशी निघ, पण ही तपासणी टाळू नकोस.