हलकी गोळी आणि नळीतला पीळ

मशीन डिझाइनचा तास बोअर वाटतो ना? मग हे उदाहरण घ्या. अमेरिकेच्या मैदानी भागात प्रेअरी डॉगसारखे छोटे प्राणी लांबून टिपायला छोट्या कॅलिबरच्या रायफली वापरतात. विंचेस्टरने १९३५ साली बाजारात आणलेली .२२० स्विफ्ट ही त्यातली गाजलेली. ४८ ग्रेनची, म्हणजे जेमतेम ३ ग्रॅमची गोळी आणि वेग सेकंदाला ४११० फूट!

तिथले हौशी लोक काडतूस घरीच भरतात. पितळी केस, प्रायमर, दारू, गोळी. (आपल्याकडे शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे लायसन्सशिवाय हे चालत नाही, तेव्हा रूमवर प्रयोग नको.)

आता गंमत पिळाची. नळीतल्या खाचा गोळीला फिरवतात, म्हणून ती सरळ जाते. १८७९ मध्ये ग्रीनहिल या गणितज्ञाने सोपं सूत्र दिलं: एका फेऱ्याला लागणारी नळीची लांबी = १५० × व्यासाचा वर्ग ÷ गोळीची लांबी. जास्त वेगाला १५० च्या जागी १८० घेतात. व्यास ०.२२४ इंच आणि लांबी ०.६ इंच घातली की उत्तर येतं साधारण १५ इंच. म्हणजे १४ इंचांत एक फेरा पुरतो. पण ०.९ इंचाची लांब, जड गोळी घ्या, उत्तर १० वर येतं. ती १४ च्या नळीतून धड जाणार नाही, डगमगेल. बघा, सूत्रात वजन कुठेच नाही, लांबी आहे!

मग सरसकट जास्तच पीळ का देत नाहीत? ४००० फूट वेग आणि १४ इंचांचा पीळ धरला तर मिनिटाला २ लाखांवर फेरे होतात. गोळीच्या पृष्ठभागावरचं त्वरण काढलं तर ते गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे १ लाख ३४ हजार पट निघतं. पीळ ७ इंचांचा केला की फेरे दुप्पट, त्वरण चौपट. हलक्या गोळीचं तांब्याचं कवच मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, ते हवेतच फाटू शकतं. निशाणावर भोकच सापडत नाही!

दारूचंही तसंच. हलकी गोळी पटकन पुढे सरकते, मागची जागा वाढते, म्हणून तिला तुलनेने लवकर जळणारी दारू लागते. छापील मॅन्युअलमधल्या सुरुवातीच्या मापापासून थोडं थोडं वाढवत जायचं. घाई केली तर दाब एकदम चढतो, आणि बोल्टच्या मागे आपलाच चेहरा असतो.

खरी चूक मात्र पुढे होते, आणि ती आपल्या लॅबमध्येही होते. प्रत्येक मापाच्या तीनच गोळ्या झाडायच्या आणि सगळ्यात छोटा ग्रुप आला की 'हेच माप बेस्ट' म्हणायचं. अहो, त्याच मापाच्या दहा गोळ्या झाडल्या तर ग्रुपची सरासरी रुंदी तिनाच्या दीडपटीहून थोडी जास्तच येते. दहा मापांची तीन-तीन गोळ्यांत तुलना केली, तर एखादं माप निव्वळ नशिबाने पहिलं येणारच. ते खरंच चांगलं आहे का, हे त्याच्याच आणखी वीस गोळ्या झाडल्यावर कळतं.