आग्या मोहोळ आणि गांधीलमाशीचे पोळे
(परिसर अभ्यास : शेतकामाच्या दिवसांतील एक पाठ)

पाऊस उघडला म्हणजे बुलडाणा जिल्ह्यात घाटावर काय आणि घाटाखाली काय, शेतकामाची एकच घाई उडते. सोयाबीन सोंगणीस येते, पाठोपाठ कपाशीची वेचणी लागते आणि तुरीवर पिवळा फुलोरा दिसू लागतो. सुटीच्या दिवशी मुले आईबापांबरोबर शेतात जातात. कोणी ढोरे राखते, कोणी धुऱ्यावरची झुडपे धुंडाळीत हिंडते. नेमकी याच सुमारास झुडपांतील गांधीलमाश्यांची पोळी भरास आलेली असतात आणि पुढे फुलोऱ्याच्या हंगामात वडा-पिंपळांच्या उंच फांद्यांवर आग्या माश्या येऊन बसतात. सबब हा पाठ चौथी-पाचवीच्या वर्गांत दसऱ्यापूर्वीच घेणे इष्ट होय.

माशी डंख करते हे खेड्यातील मुलास शिकवावयास नको. शिकवावयाचे ते निराळे आहे. मोहोळ उठते तेव्हा त्याच्या मुळाशी काही तरी कारण असते. कधी मोहोळावर झडप घालणारा मधुबाज पक्षी ते कारण असतो. पण बहुधा ते माणसाच्या हातचे असते. गुराख्याने भिरकावलेला दगड, धुरा पेटविताना वर गेलेला धूर, झुडपावर न पाहता मारलेला विळा, यांपैकी एखादे कारण सापडते. कारण कळले तर ते टाळता येते, एवढे मुलांच्या मनावर ठसले म्हणजे पाठाचा हेतू साधला.

पाठाचा आरंभ ओळखीने करावा. फळ्यावर चार आकृत्या काढाव्यात. पहिली आग्या मोहोळाची : एकच मोठे, अर्धगोल, उघडे लोंबणारे पोळे. त्याची रुंदी कित्येकदा चार-पाच फूट भरते आणि त्यावर हजारो माश्यांचा थरावर थर असतो. उंच झाड, कड्याची कपार, पाण्याची टाकी, जुन्या इमारतीचा सज्जा ही त्याची ठिकाणे. दुसरी फुलोरी माशीची : तळहाताएवढे लहानसे पोळे, झुडपाच्या डहाळीवर, ही माशी त्या मानाने गरीब. सातेरी माशी झाडाच्या ढोलीत किंवा भिंतीच्या पोकळीत एकाआड एक अशी अनेक पोळी बांधते. ती उघड्यावर दिसत नाही, म्हणून तिची आकृती ढोलीसह काढावी. चौथी आकृती गांधीलमाशीच्या पोळ्याची. हे पोळे मेणाचे नव्हे. लाकडाचा भुसा कुरतडून तो लाळेत मळून केलेल्या कागदाचे ते असते. वळचणीखाली, गोठ्याच्या आढ्याला, तुरीच्या दाट पाट्यात ते राखी छत्रीसारखे लटकते. मोठ्या जातीच्या गांधीलमाश्या ढोलीत वा भिंतीच्या भोकातही घर करतात.

शाळेच्या खिडकीत चिखलाचे इवलेसे घर बांधणाऱ्या कुंभारणीचा उल्लेख करण्यास विसरू नये. ती एकटी राहते आणि हाताने धरल्यावाचून सहसा डंख करीत नाही. परंतु तिची घरटी फोडण्यात मुलांचा फार उत्साह असतो, आणि त्याच सवयीने तो हात एखादे दिवशी गांधीलमाशीच्या पोळ्यास जाऊन भिडतो.

आग्या मोहोळ दुरून पाहणे हा मुलांसाठी मोठा सुंदर अनुभव आहे. शंभर पावलांवर, आवाज न करता, उभे राहावे. पोळ्यावर गांधीलमाशी घिरट्या घालू लागली की वरच्या थरातील माश्या एकीपाठोपाठ एक पोट उचलतात आणि सबंध पोळ्यावरून चमकणारी लाट सरकल्यासारखी दिसते. ही शत्रूस दिलेली ताकीद होय. पोळ्यावर अशा लाटा वारंवार उठू लागल्या तर तेथून शांतपणे मागे फिरावे, हे त्याच वेळी सांगून टाकावे.

एका माशीमागून शेकडो माश्या का येतात, हा प्रश्न मुले हटकून विचारतात. मधमाशीच्या नांगीस मागे वळलेले काटे असतात. ती कातडीत रुतली की तुटून विषाच्या पिशवीसह तेथेच राहते आणि माशी मरते. पण तुटलेल्या नांगीपाशी पिकल्या केळ्यासारखा एक वास सुटतो आणि तो इतर माश्यांस ‘येथे डंख करा’ असे सांगतो. माशी चिरडली तरी तोच परिणाम होतो. म्हणून हात झटकणे आणि माश्या मारणे हा सर्वांत घातक उपाय. गांधीलमाशीची नांगी गुळगुळीत असल्यामुळे तुटत नाही. ती एकटीच पुनःपुन्हा डंख करू शकते. (‘मोहोळ उठणे’ हा वाक्प्रचार याच पाठाबरोबर भाषेच्या तासास घेतल्यास त्याचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.)

शेतातील कामासंबंधी घरी सांगावयाच्या गोष्टी मुलांच्या तोंडूनच पालकांपर्यंत जातात. सोंगणीपूर्वी धुऱ्याच्या कडेने सावकाश एक फेरी मारावी. ज्या झुडपात माश्यांची ये-जा एकाच जागी दिसते तेथे लांबूनच चिंधी बांधून खूण करावी. मोहोळाच्या झाडाखाली पालापाचोळा पेटवू नये, चूल मांडू नये, ट्रॅक्टर वा मळणीयंत्र उभे करू नये. त्याखाली बैल तर मुळीच बांधू नयेत. माणूस पळतो, दाव्यास बांधलेले जनावर जागीच सापडते. मोहोळ उठल्यावर शक्य असेल तरच, आणि पळण्याच्या वाटेवरच असेल तर, दावे तोडावे. बैलासाठी माघारी जाण्याचा मोह शेतकऱ्यास होतो, आणि तो समजण्यासारखा आहे. तरी मुलाने तसे करू नये हे निक्षून सांगावे.

माश्या अंगावर आल्याच तर तोंड आणि डोळे कपड्याने झाकून, वाट दिसेल एवढी फट ठेवून, सरळ पळत सुटावे आणि घर, खोली किंवा बंद गाडी गाठावी. आग्या माशी बराच लांबवर पाठलाग करते, तेव्हा पाच-पंचवीस पावलांवर थांबून उपयोग नाही. आसरा नसेल तर घोंगडी वा चादर सर्वांगावर घेऊन खाली बसावे. विहिरीत उडी मारण्याची जुनी समजूत मात्र मोडून काढली पाहिजे. माश्या पाण्यावर घिरट्या घालीत वाट पाहतात, आणि डंखाने न मरणारा माणूस बुडून मरतो.

डंखानंतर रुतलेली नांगी तत्काळ काढावी. नखाने खरवडून की चिमटीने, याचा काथ्याकूट करू नये. महत्त्व वेळेस आहे, कारण पिशवीतून विष आत जातच असते. जागा साबणाने धुवून थंड पाण्याची पट्टी ठेवावी. चुना, चिखल, रॉकेल यांनी विष उतरत नाही. ओठ वा चेहरा सुजणे, अंगभर गांध्या उठणे, दम लागणे, घेरी येणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास डंख एकच असला तरी क्षणाचाही विलंब न लावता १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठावा; तेथे ॲड्रेनॅलिनचे इंजेक्शन मिळणे हाच जीव वाचविणारा उपाय होय. पुष्कळ डंख झालेला मुलगा वरकरणी बरा दिसला तरी त्यास दवाखान्यात नेलेच पाहिजे, कारण विषाचा परिणाम मूत्रपिंडांवर मागाहूनही होतो. पूर्वी डंखाने अंग सुजले असेल अशा मुलांची नावे शिक्षकाने हजेरीपटाच्या मागे टिपून ठेवावीत.

एवढे ऐकल्यावर ‘मग मोहोळे जाळूनच का टाकू नयेत?’ असे एखादा मुलगा म्हणेल. या प्रश्नाचे उत्तर जिल्ह्याच्या शिवारातच आहे. घाटावर कांद्याचे बीजोत्पादन घेतले जाते. कांद्याच्या गोंड्यांत बी भरते ते मुख्यतः मधमाश्यांच्या ये-जा करण्यामुळे. माश्या फिरकल्या नाहीत तर गोंडे पोकळ राहतात आणि शेतकऱ्याचा हंगाम बुडतो. गांधीलमाशीही पिकांवरील अळ्या वेचून आपल्या पिलांस चारते. शिवाय चुडीने मोहोळ जाळताना पेटत्या माश्या खाली उभ्या असलेल्यांवरच पडतात, उरलेल्या दुसऱ्या दिवशीही चवताळून हिंडतात, आणि वाळल्या गवतास आग लागते ती वेगळीच. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांतील ज्या पालकांनी मध काढण्याचे काम केले आहे, त्यांच्याकडून पोळ्यातील मधाचा भाग आणि अंड्या-पिलांचा भाग वेगळा कसा ओळखतात हे वर्गात ऐकविता आले तर त्यासारखे दुसरे साधन नाही.

शाळेच्या आवारातील झाडावरच मोहोळ बसले तर काय करावे, हे शिक्षकापुढील खरे संकट. आग्या माश्या एका जागी कायम राहत नाहीत. फुलोरा संपला की पोळे सोडून निघून जातात. झाड बाजूस असेल तर ती बाजू दोरी बांधून बंद करावी, खेळ व परिपाठ दुसरीकडे हलवावा, आणि तेथे फटाके, धूर, चेंडू यांस सक्त मनाई करावी. वर्गाच्या दारावर वा पाण्याच्या टाकीवर मोहोळ असेल तर ग्रामपंचायतीस व वनविभागास लेखी कळवून जाणत्या माणसाकडून, मुले शाळेत नसताना, ते हलवून घ्यावे. तोवर वर्ग समाजमंदिरात भरवावा. मोठ्या मुलांच्या हाती बांबू देऊन मोहोळ पाडण्याचे काम शाळेने कधीही करू नये, गावकऱ्यांनी आग्रह धरला तरीही.